सुदानची वाटणी: शिवार एकाचं, पाट दुसऱ्याचा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आतून फाटलेला मोठा देश तसाच ठेवावा की फोडावा, असं तू विचारलंस. फोडायला माझी हरकत नाही, पण आधी वाटणीपत्र लिहून मग मत घ्यावं. सुदानमध्ये नेमकं उलटं झालं.

उत्तर-दक्षिण यादवी संपवणाऱ्या २००५ च्या शांतता कराराने दक्षिणेला सार्वमताचा हक्क दिला. जानेवारी २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली आणि ९ जुलैला दक्षिण सुदान हा नवा देश झाला. कौलाबद्दल शंकाच नव्हती. पण जुन्या देशाचं सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेत, तर शुद्धीकरण कारखाने आणि पोर्ट सुदान बंदर उत्तरेत. करार होता तोवर दक्षिणेच्या तेलाचा पैसा निम्मा-निम्मा वाटला जाई. देश फुटल्यावर उत्तरेतून जाणाऱ्या पाइपलाइनचं भाडं किती, हे कुणी ठरवलंच नव्हतं! खार्टूमने (उत्तरेची राजधानी) पिंपामागे ३६ डॉलरच्या आसपास मागितले, जुबा (दक्षिणेची) एक डॉलरही द्यायला तयार नव्हती. मग उत्तरेने तेल परस्पर वळवलं आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने विहिरीच बंद केल्या. रोजची साधारण साडेतीन लाख पिंपं थांबली, आणि सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न त्यावरच. (ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी तेल कंपनीचा तिथल्या एका मोठ्या प्रकल्पात २५ टक्के वाटा होता, म्हणजे झळ आपल्यालाही.)

हे तेल मेणचट असतं. पाइपमध्ये थांबून गार झालं की थिजतं, म्हणून बंद करताना आत पाणी भरावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तरेतल्या युद्धामुळे पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना. तेल थिजलं, पाइप फुटला आणि दक्षिणेची बरीचशी निर्यात कित्येक महिने अडली. वेगळं होऊन जवळपास तेरा वर्षं झाली होती, तरी शेजारचं भांडण यांच्या तिजोरीत!

सीमेचंही तेच. सुदान स्वतंत्र झाला त्या दिवसाची, १ जानेवारी १९५६ ची रेषा प्रमाण मानायची ठरलं, पण सीमेवरचा अबेई हा प्रदेश कुठे जाणार यासाठी वेगळं सार्वमत हवं होतं. मतदार कोण, यावरच ते अडलं: कायम राहणारे ङोक डिंका जमातीचे लोक, की दरवर्षी उत्तरेकडून गुरं घेऊन चाऱ्यासाठी उतरणारे मिसेरिया जमातीचे लोकही? दोघांनाही ती जमीन हक्काचीच वाटते. ठरलेलं मतदान झालंच नाही.

कर्जाचं मात्र सरळ होतं: सगळं परदेशी कर्ज उत्तरेने आपल्याकडे ठेवलं, ते माफ व्हावं म्हणून दोघांनी मिळून खटपट करायची या बोलीवर.

तुझा,
विनायक