कधीमधी सायन्स फिक्शन वाचणाऱ्यांसाठीही कुणीतरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुस्तकांच्या पानावर सायन्स फिक्शन येतं ते बहुतेक वेळा त्या पुस्तकावर सिरीज आली म्हणून, नाहीतर मग एखाद्या जाणकाराने जाणकारांसाठीच लिहिलेलं असतं. माझ्यासारखे वाचक, जे एरवी घरा-माणसांच्या कादंबऱ्या, रहस्यकथा, चरित्रं असं काहीबाही वाचतात आणि मधूनच कधीतरी अंतराळातलं एखादं पुस्तक उचलतात, त्यांना त्या लेखांतून काहीच कळत नाही की हे आपल्याला झेपेल का, आवडेल का. नुकतीच 'लेव्हायथन वेक्स' ही जाडजूड स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातली भव्य साहसकथा, वाचली आणि प्रचंड आवडली, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

कादंबरी २०११ची. लेखकाचं नाव जेम्स एस. ए. कोरी असं छापलंय पण ते टोपणनाव आहे, डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक असे दोघं मिळून लिहितात. नऊ कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही पहिली, शेवटची २०२१मध्ये आली. नऊ म्हटल्यावर कुणीही दचकेल, पण पहिला भाग एकटा वाचला तरी पोट भरतं, मूळ प्रश्न त्यातच सुटतो.

यातला माणूस अजून दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत पोचलेला नाही, आपल्याच सूर्यमालेत आहे. पृथ्वी आणि मंगळ या दोन बड्या सत्ता, आणि त्यांच्या पलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारी, तिथेच जन्मलेली कष्टकरी माणसं, ज्यांना बेल्टर म्हणतात. एक प्रकरण होल्डनचं, तो शनीच्या कड्यांमधून बर्फ आणणाऱ्या जहाजावरचा अधिकारी. पुढचं प्रकरण मिलरचं, तो सेरेस या पट्ट्यातल्या बटुग्रहावरच्या सिक्युरिटी कंपनीतला थकलेला, दारूच्या नादी लागलेला डिटेक्टिव्ह, त्याच्याकडे एका श्रीमंत घरातली बेपत्ता मुलगी शोधायचं काम येतं. शेवटपर्यंत आलटून पालटून हे दोघंच. ज्याने आयुष्यात एक तरी रहस्यकथा वाचलीये त्याला मिलरचा हात धरून या जगात आरामात शिरता येतं, कुठलीही परिभाषा आधी पाठ करावी लागत नाही.

पण मला खरी मजा आली ती अंतरांची. अंतराळातल्या गोष्टींमध्ये बऱ्याचदा बटण दाबलं की माणूस आकाशगंगेच्या त्या टोकाला, आणि मग ते सगळं नकाशावरच्या गावांसारखं वाटायला लागतं. इथे तसं नाहीये. इथे निरोप पाठवला तर तो प्रकाशाच्या वेगानेच जाणार आणि प्रकाशालाही वेळ लागतो, पृथ्वी ते मंगळ कमीत कमी ३ मिनिटं आणि दोन ग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असले तर २२ मिनिटांच्या आसपास, शनीपर्यंत तर साधारण सव्वा ते दीड तास, आणि हे एका बाजूचं, उत्तर यायला तेवढाच वेळ परत. म्हणजे दूरवरच्या दोन माणसांना नीट भांडतासुद्धा येत नाही. सुरुवातीलाच होल्डन रागाच्या भरात, त्याला सत्य वाटतं ते सगळ्या सूर्यमालेला ऐकू जाईल असं जाहीर करून टाकतो, आणि एकदा ते निघालं की निघालं, मागे घेता येत नाही, ज्याच्या त्याच्यापर्यंत ते वेगवेगळ्या वेळी पोचतं आणि प्रत्येकजण आपल्या परीने त्याचा अर्थ लावून हत्यारं काढतो. पुढचं सांगत नाही, पण हे वाचताना मला श्वास घ्यायची आठवण राहिली नव्हती.

तसंच वजनाचं. जहाजात गुरुत्वाकर्षण कुठून येतं हे सिनेमात कुणी सांगतच नाही, सगळे आपले मजेत चालत असतात. इथे इंजिन चालू असेल तर वजन, बंद केलं की सगळं तरंगायला लागलं. त्यामुळे जहाजं उंच इमारतीसारखी बांधलेली, मजल्यावर मजले, तळाशी इंजिन, आणि ते ज्या बाजूला असेल तोच खालचा भाग. अर्धा प्रवास वेग वाढवत जायचं, मध्यावर जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेला अर्धा प्रवास ब्रेक मारत. पाठलाग सुरू झाला की वेगवाढ इतकी जबर होते की माणसं खुर्चीत चिरडली जातात, ती जिवंत राहावीत म्हणून त्यांना औषधं टोचतात. म्हणजे वेगाची किंमत शरीराने चुकवायची. मी विज्ञानाची विद्यार्थिनी कधीच नव्हते, तरी हे सगळं मला एकदाही थांबून समजून घ्यावं लागलं नाही, कारण ते कुणी लेक्चर देऊन सांगत नाही, कुणाची तरी बरगडी दुखत असते आणि त्यातून ते कळतं.

आणि बेल्टर लोक! कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे उंच, काटकुळे, हाडं अशी की पृथ्वीवर उभं राहणंही छळ होईल. स्पेससूटमध्ये चेहरा, खांदे काही दिसत नाहीत म्हणून त्यांची पूर्वापार सवय अशी की होकार, नकार, खांदे उडवणं सगळं हाताने करायचं, मोठ्या हावभावांनी, आणि सूट नसतानाही तेच. एवढ्याशा तपशिलात एक अख्खी जमात उभी राहते. त्यांचा राग पण समजतो, कारण त्यांच्याकडे हवा आणि पाणी दोन्ही बाहेरून आणावं लागतं किंवा यंत्राने पुन्हा पुन्हा शुद्ध करावं लागतं, फिल्टर बिघडला तर वाद घालायला कुणी उरणार नाही. सुरुवातीला एक बर्फ आणणारं जहाज नष्ट होतं तेव्हा सेरेसवर लोक रस्त्यावर येतात ते उगाच नाही, तो पाण्याचा नळ तोडल्यासारखंच आहे.

सेरेस हे खरंखुरं आहे बरं का, पियाझ्झी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८०१मध्ये शोधलेलं, साधारण ९४० किलोमीटर व्यासाचं. नासाचं डॉन यान २०१५मध्ये तिथे पोचलं, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी. पुस्तक संपल्यावर मी त्या यानाने काढलेले फोटो बघत बसले होते, ऑकेटर नावाच्या विवरात पांढरेशुभ्र चमकणारे डाग आहेत, ते क्षारांचे आहेत म्हणे, मुख्यतः सोडियम कार्बोनेट. कादंबरीत हे सेरेस गरागरा फिरवून आतल्या लोकांना वजन मिळवून दिलंय. जाणकार म्हणतील की खऱ्या सेरेसला तितकं फिरवलं तर ते फुटून जाईल, आणि बरोबरच आहे, त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण आपल्या पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकंच आहे, तेवढ्याने ते धरून राहणार नाही. पण लेखकांनी घेतलेली ही सूट मला अजिबात खटकली नाही, कारण एकदा घेतल्यावर तिचे परिणाम त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेत, बोगद्यात राहणारे लोक, जितकं केंद्राकडे जाल तितकं हलकं होत जाणारं वजन, ओतलेली दारूसुद्धा फिरण्यामुळे जराशी तिरकी पडते.

सगळंच छान आहे असं नाही. इरॉस नावाच्या लघुग्रहावरचा भाग भयकथेकडे वळतो आणि तिथे किळसवाणी वर्णनं फार लांबलीत, मी काही पानं भराभर उलटली. शिवाय ती बेपत्ता मुलगी, ज्युली, बराचसा वेळ मिलरच्या डोक्यातली प्रतिमा म्हणूनच दिसते, तिला स्वतःला बोलायला पानं मिळायला हवी होती. होल्डनच्या जहाजावरची इंजिनियर नाओमी मात्र झकास, होल्डन आदर्शवादाने वाहवत जातो तेव्हा जमिनीवर आणणारी तीच.

तेव्हा संपादक महाशय, विनंती एवढीच की असल्या पुस्तकांवर कधीतरी आमच्यासाठी पण लिहून घ्या. पहिला भाग एकटा वाचून चालतो का, नावं आणि ठिकाणं डोक्यात बसायला साधारण किती पानं लागतात, हिंसा किती आहे, गोष्ट मुळात कसली आहे, म्हणजे रहस्य, राजकारण, युद्ध की कुटुंब, हे कुणी सांगितलं तर दुकानात लाजत त्या शेल्फपासून लांब उभे राहणारे कितीतरी वाचक पुढे येतील. आणि मराठीतले प्रकाशक इतकी परदेशी थ्रिलर्स अनुवाद करून आणतात, त्यात ही एक सहज चालेल असं मला मनापासून वाटतं, संवाद साधे आहेत, प्रकरणं छोटी आहेत.

मी आता दुसरा भाग 'कॅलिबन्स वॉर' घेतलाय. यात गुरूचा चंद्र गॅनिमीड म्हणजे या सगळ्या दूरच्या वस्त्यांचं धान्याचं कोठार दाखवलंय, आणि तिथे शेती करणारा एक शास्त्रज्ञ आपल्या हरवलेल्या मुलीला शोधतोय. गॅनिमीडला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे हे गॅलिलिओ यानाने १९९६मध्ये दाखवून दिलं होतं, असं क्षेत्र असलेला दुसरा चंद्र अजून माहीत नाही. शिवाय अवसरला नावाची एक म्हातारी, शिवराळ, अतिशय हुशार राजकारणी बाई आलीये. तिच्या प्रकरणापर्यंत पोचायची मला रोज घाई असते.

आपली,
एक नियमित वाचक