मरणाचा काळ कोणता?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे, तुझ्या तक्रारीमुळे. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कवितेची ओळ ऐकवली आणि त्यातली एकही खरी वाटली नाही, असे तू लिहिलेस. मावळता सूर्य, पैलतीर, विझणारी ज्योत, गळून पडणारे पान. 'कवींनी मरणाला इतके नटवून ठेवले आहे की त्या गर्दीत माझा बाप सापडत नाही,' हे तुझे वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवले आणि दोन दिवस ते पुन्हा उघडले नाही.

प्रतिमांविषयीची तुझी तक्रार मला मान्य आहे. त्या झिजल्या आहेत. परंतु या निमित्ताने जुन्या कविता पुन्हा काढून बसलो, तेव्हा असे वाटू लागले की आपण दोघेही चुकीच्या जागी पाहत होतो. मरणाविषयी कवीला जे खरोखर कळलेले असते, ते त्याच्या उपमांत फारसे नसते. ते क्रियापदांत असते. कोण बोलतो आहे आणि कोणत्या काळात बोलतो आहे, हे पाहावे. आपल्या भाषेत व्याकरणातला काळ आणि माणसाला न्यायला येणारा काळ यांना एकच शब्द आहे, हा योगायोग असेलही. मला मात्र तो फार सोयीचा पडला.

आधी आपलेच बोलणे पाहा. माणूस 'मेला' असे आपण सहसा म्हणत नाही. तो जातो, वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. 'मेला' हे क्रियापद आपण शिव्यांसाठी आणि जनावरांसाठी राखून ठेवले आहे. म्हणूनच मर्ढेकरांनी 'पिपांत मेले ओल्या उंदिर' असे लिहिले, तेव्हा वाचक बिचकले असावेत. ज्या शब्दाला आपण माणसाजवळ फिरकू देत नाही, तो त्यांनी उघडपणे वापरला, पण उंदरांच्या आडून. आणि ते उंदीर कोण आहेत हे कुणालाही सांगावे लागले नाही. त्याच कवितेत पुढे 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे' असे येते. तो 'आहे' कार्यालयातल्या सूचनेसारखा कोरडा आहे. शोक नाही, सांत्वन नाही, नियम तेवढा वाचून दाखवला आहे. ही कविता ज्यात आहे तो 'काही कविता' हा संग्रह 1947 सालचा, पण ती कोरड अजून ओसरलेली नाही.

याच्या उलट टोकाला गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' आहे. नुकतीच विधवा झालेली आई, तिचे एकुलते मूल गेलेले, आणि ते न्यायला आलेल्यांना ती म्हणते की तो निजला आहे. भडक वाटावी इतकी करुण कविता आहे, आणि तरुणपणी मी तिची टिंगलही केली होती. आता वाटते की ती सगळी कविता एका क्रियापदावरून चाललेले भांडण आहे. जगाला एक शब्द म्हणायचा आहे, आई दुसरा सोडायला तयार नाही. तिचा पराभव अटळ आहे हे आपल्याला ठाऊक असते, तरी वाचताना आपण तिच्याच बाजूने उभे राहतो. तू बाबांच्या खोलीचे दार अजून हलक्या हाताने लावतोस असे लिहिलेस, तेव्हा मला ही आई आठवली.

खरी अडचण प्रथमपुरुषात येते. ठेच लागली तरी आपण 'मेलो' म्हणतो. पण ते वाक्य खरे असताना म्हणणारा कुणी उरत नाही. कवी ही अडचण कशी सोडवतात, हे पाहण्यासारखे आहे. सुरेश भटांनी सरळ चितेवरून बोलायला सुरुवात केली: 'इतकेच मला जाताना सरणावर कळले होते.' यातला 'होते' विलक्षण आहे. कळणेही मागे पडले, जळणेही मागे पडले, आणि तरी कुणीतरी ते सांगते आहे. पुढची ओळ, मरणाने सुटका केल्याची, मैफलीत दाद घेते, पण मला ती जरा जास्तच तयार वाटते. पहिल्या ओळीत जो गारठा आहे, तो दुसरीत टाळ्यांत विरतो.

तुकोबांनी ही मर्यादा साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच ओलांडली होती. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' ही ओळ शोकपत्रांतून इतकी वापरली जाते की तिचा अर्थच हरवला आहे. लोक 'सोहळा अनुपम्य' इथे थांबतात. पुढे वाचले तर कळते की इथे देह गेलेला नाही, अहंकार गेला आहे, आणि सुतक फिटले आहे ते जन्म आणि मरण या दोहोंचे. म्हणून ते 'पाहिले' असे भूतकाळात, शांतपणे म्हणू शकतात. पाहणारा शिल्लक आहे. तुझ्या घरी ही ओळ ऐकवणाऱ्या माणसाचा हेतू चांगलाच असणार, पण बाबांच्या जाण्याशी तिचा संबंध नव्हता, आणि तुला ती खोटी वाटली यात तुझे काही चुकले नाही.

भा. रा. तांबे यांच्यापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. 'जन पळभर म्हणतील हाय हाय' हे गीत घे. त्यात जवळजवळ सगळी क्रियापदे भविष्यकाळी आहेत: सूर्य तळपतील, मेघ वर्षतील, शेते पिकतील, सखेसोयरे डोळे पुसतील आणि पुन्हा आपल्या कामाला लागतील. जग किती सुरळीत चालेल याची ती यादी आहे आणि त्या यादीत 'मी' येतो तो फक्त 'मी जाता' म्हणण्यापुरता. मरण म्हणजे ज्या भविष्यकाळाचा कर्ता आपण नसू तो काळ, हे कुठलीही उपमा न देता, नुसत्या प्रत्ययांनी सांगितले आहे. आता त्यांचेच 'नववधू प्रिया, मी बावरते' आठव. माहेर सोडताना गळा दाटलेली मुलगी म्हणून अनेकांनी ते ऐकले आणि लग्नगीत मानले. वस्तुतः ती नवरी म्हणजे जीव आणि तो प्रियकर म्हणजे मृत्यू. (रवींद्रनाथांनीही मरणाला श्यामासारखे, म्हणजे प्रियकर कृष्णासारखे, म्हटले आहेच.) इथे जवळजवळ सगळे वर्तमानकाळात आहे: बावरते, लाजते, पुढे सरते, फिरते. अजून काही घडलेले नाही, पाऊल उंबऱ्यावर आहे. आणि गंमत अशी की 'पळभर' हा शब्द दोन्ही ठिकाणी आहे. एकीकडे मागे राहिलेल्यांचे रडणे पळभराचे, दुसरीकडे जाणारीची कळ पळभराची. दोन्ही बाजूंना सारखेच माप लावणारा कवी मला प्रामाणिक वाटतो.

ही दोन्ही गीते आपल्याला ठाऊक झाली ती वसंत प्रभूंच्या चालींमुळे आणि लताबाईंच्या आवाजामुळे. गीताचे काम कवितेहून वेगळे असते. कविता अडली तर आपण मागे जाऊन वाचतो. गीत पुढे निघून जाते, आणि परत येते ते फक्त ध्रुपद. मरणाच्या गीतात हे परतणे फार उपयोगी पडते. दर कडव्यानंतर 'बावरते' तेच असते, पण प्रत्येक वेळी उंबरा थोडा जवळ आलेला असतो. चाल इतकी गोड की आपण काय ऐकतो आहोत हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. हा दोष आहे असे काही जण म्हणतात. मला वाटते, एरवी ते शब्द इतकी वर्षे आपण जवळ ठेवलेच नसते.

'पराधीन आहे जगती' विषयी तू रागाने लिहिलेस. ते सांत्वनाचे गीत आहे. राम भरताला समजावतो आहे. सागरात दोन ओंडके भेटतात आणि लाट त्यांना वेगळे करते, ही कल्पना गदिमांनी वाल्मीकींकडून घेतली आहे. तिथला वर्तमानकाळ सर्वांसाठीचा आहे, म्हणून तो कुणा एकाचा होत नाही. पण हेही लक्षात घे, की सांगणाऱ्याचाही बाप तोच गेला आहे. तुला ऐकवणाऱ्याचा गेला नव्हता.

आणि बहिणाबाई. 'अरे, जगनं-मरनं एका सासाचं अंतर!' या ओळीत क्रियापदच नाही. काळ नाही, पुरुष नाही. मी बाकी सगळ्यांविषयी पानेच्या पाने लिहू शकतो, इथे मात्र मला काही सुचत नाही. आईच्या उशाशी बसलो होतो, त्या पहाटे दुसरी कुठलीही कविता आठवली नव्हती.

एक गोष्ट सांगू की नको, असे वाटत होते. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, 'बाबांना दुपारी झोप लागत नाही' असे वाक्य आहे. तुझ्या ते लक्षात आले नसावे. मी ते तसेच वाचले.

पुढच्या महिन्यात येतो आहे. तेव्हा कुठलीही ओळ ऐकवणार नाही.

तुझाच,
मित्र