त्या कपाटाचं काय ते सांगते

बर्लिन

ती. आई,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर कपाट बघून तू एकदम गप्प झालीस. मग बाबांकडून कळलं, पोरगी लोकांनी टाकलेलं सामान वापरते म्हणून तुला झोप नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, तेव्हा लिहितेच.

पैशांची ओढाताण नाही, आधी ते मनातून काढ. इथे भाड्याचं घर म्हणजे बऱ्याचदा नुसत्या चार भिंती. छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबतात, कित्येक घरांत ओटासुद्धा नसतो. आधीचे भाडेकरू तोही उचकटून घेऊन जातात! नवं स्वस्त कपाट भुशाच्या फळ्यांचं, एकदा घर बदललं की त्याचे स्क्रू सैल. आमचं कपाट भरीव पाइनचं आहे. बाबांना सांग, खणांच्या कोपऱ्यांत एकही खिळा नाही, लाकडाचे दात एकमेकांत बसवलेत. ते रस्त्यावरून उचललेलं नाही हं. शहराचा कचरा उचलणाऱ्या सरकारी कंपनीनेच २०२० साली राइनिकेनडॉर्फ भागात जुन्या वस्तूंचं मोठं दुकान काढलंय, 'नॉखमाल' नावाचं. तिथून रीतसर पावती करून आणलं.

रस्त्यावरचंही घेते, खोटं कशाला बोलू? लोक नको झालेल्या वस्तू खोक्यात घालून दारापुढे ठेवतात आणि वर 'मोफत न्या' अशी चिठ्ठी लावतात. कायद्याने फुटपाथवर असं ठेवायची परवानगी नाही, पण गल्लोगल्ली चालतं. पुस्तकं, कुंड्या, चिनी मातीच्या बशा मी बिनधास्त उचलते. गादी, उशी, सोफा मात्र कितीही छान दिसू दे, हात लावत नाही. ढेकणांची भीती तुझ्याइतकीच मलाही आहे. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा भुसा सांडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे, तेही नको.

कपाट साबणाच्या पाण्याने पुसलं, वाळवलं, घासलं आणि जवसाचं तेल चोळलं. तेलाची फडकी बोळा करून ठेवायची नाहीत बरं का, ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. मी पाण्यात बुडवून मग टाकली. बाबांनी त्यांच्या पाटाला तेल लावलं तर हे त्यांना आवर्जून सांग.

आता माझी सगळ्यात लाडकी खरेदी. रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि जुना बाजार भरतो. आमच्या जवळचा माउअरपार्कला असतो, जिथून पूर्वी बर्लिनची भिंत जायची तिथेच. तिथे पूर्व जर्मनीतले 'सुपरफेस्ट' ग्लास मिळाले. १९८० पासून दहा वर्षं सॅक्सनीतल्या श्वेपनिट्झ गावात ते बनत. काचेच्या पृष्ठभागातलं सोडियम काढून तिथे पोटॅशियम बसवायचे. त्याचे कण मोठे, त्यामुळे काचेचा पृष्ठभाग दाबला जाऊन ती कणखर होते. आज मोबाइलच्या काचेला हीच युक्ती वापरतात. परवा एक माझ्या हातून फरशीवर पडला, टणकन वाजला आणि टेबलाखाली गेला. टवकासुद्धा नाही. भिंत पडल्यावर या ग्लासांना गिऱ्हाईकच मिळेना आणि उत्पादन बंद पडलं. न फुटणारे ग्लास कोणता दुकानदार पुन्हा पुन्हा विकणार! तुला सहा ठेवलेत, येशील तेव्हा ने.

एक काम कर. आजीच्या दोन इरकली नऊवारी ट्रंकेत आहेत, त्या बोहारणीला देऊ नकोस. आमची खिडकी दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच आहे. एका लुगड्यात दोन पडदे आणि वर उशांचे अभ्रे निघतील. काठ उभे येतील, चालेल. हिरवं लुगडं कुठे विरलंय का ते उजेडात धरून बघ आणि धडकं असेल तेच बाबांच्या बॅगेत भर. बरोबर मेतकूट.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू