बाबू, तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला

प्रिय बाबू,

तुमच्या पाण्याची पातळी मोजायच्या प्रोजेक्टच्या रिपोर्टची तू पाठवलेली पीडीएफ काल रात्री दुकान बंद करून आल्यावर सगळी वाचली, ६२ पानं. पप्पांनी पण चष्मा लावून निम्मी वाचली आणि मग तशीच छातीवर ठेवून झोपले. फोनवर सांगायला गेले तर तू नुसता हो हो करतोस आणि मागे हॉस्टेलातला दंगा ऐकू येतो, म्हणून टाइप करून पाठवतेय, तू फर्मागुडीच्या कॉलेजातून घरी यायची वाट बघत बसले तर सब्मिशन होऊन जाईल. रागावू नको. मी इंजिनियर नाही पण डिचोलीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवते, दर एप्रिल-मे महिन्यात काळ्या रेक्झीनचे इतके रिपोर्ट हातातून गेलेत की कुठे काय फसतं ते पान उलटता उलटता कळतं.

आधी मनाला लागलेली गोष्ट सांगते. विहीर कुठे गेली? दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघं आमच्या परसात तीन दिवस बसला होता, तो आवाज सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर रहाटाच्या दांड्याला बांधून, आणि पाणी खाली असूनसुद्धा रीडिंग एक मीटर वीसच्या पुढे जाईना. मग कुडचड्याच्या पोराच्या लक्षात आलं की आवाज पसरत जातो आणि विहिरीच्या बाहेर आलेल्या चिऱ्यावर आपटून परत येतो, सेन्सरला तेच पाणी वाटतं. मग तुम्ही तो पीव्हीसी पाइप आणलात, तो खाली सोडून त्यातून मोजलं, आणि मी प्रत्येक वेळी दोरीला दगड बांधून खरी खोली मोजून देत होते, हात दुखले माझे. हे सगळं रिपोर्टात किती आहे? एक ओळ. सिस्टिम यशस्वीपणे टेस्ट करण्यात आली. बाबू, तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट म्हणजे ते तीन दिवसच रे, बाकी सेन्सर बाजारात मिळतो, बोर्ड बाजारात मिळतो, कोड अर्धा नेटवर आहे. ते वेगळं सेक्शन करून लिही, आधी पाइपशिवाय काय आलं त्याचं टेबल, मग का आलं, मग पाइप लावून काय आलं. माझ्या दोरीचा कॉलम पण घाल, त्याच्याशीच तर तुम्ही चूक किती ते काढलीत. आणि टेस्ट वाळवंटी नदीवर केली असं वाटेल असं जे वाक्य आहे ते काढून टाक, साखळी गावातला पूर हे तुमचं कारण आहे, टेस्ट मात्र विहिरीत झाली. पुलावरून मोजायला गेलात तर त्या सेन्सरची रेंज चार मीटरच आहे हे तूच मला सांगितलेलंस, मग ती मर्यादा म्हणून स्वतःहून लिहा, बाहेरून येणाऱ्या एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारायच्या आधी.

पप्पांचं पण एक आहे. त्यांनी हायस्कूलला फिजिक्स शिकवलं आहे त्यामुळे त्यांना राहवत नाही. तुम्ही आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलाय, तो २० डिग्रीला. आपल्याकडे २० डिग्री कधी असतं म्हणाले. ३२ डिग्री धरली तर वेग ३५० च्या आसपास जातो, म्हणजे तीन मीटरला साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटरचा फरक. विहिरीत गार असेल तर कमी, पण तापमान तुम्ही लिहिलंच नाही तर कळणार कसं? त्यांनी पानाच्या कडेला पेन्सिलीने आकडेमोड करून ठेवलीय, फोटो पाठवते.

आता दुसरं. पहिलं चॅप्टर १६ पानांचं आहे आणि सुरुवात पाणी हे जीवन आहे इथून. मग इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणजे काय, मग त्याचे फायदे, मग स्मार्ट सिटी. आणि तुम्ही जे केलं ते सात पानांत आटपलं. शीत चिमूटभर आणि ताटभर लोणचं असं झालंय. इंट्रोडक्शन चार पानं पुरे: साखळीला पावसात काय होतं, आज पातळी कशी बघतात, तुम्ही काय करायचं ठरवलं, पुढच्या चॅप्टरांत काय आहे. आणि ते सगळ्यात शेवटी लिही, बाकीचं झाल्यावर, कारण आता लिहिलेलं इंट्रोडक्शन तुमच्या प्रोजेक्टचं नाहीच, ऑगस्टमध्ये जो करायचा विचार होता त्याचं आहे. त्यात अजून सोलर पॅनल आहे! पॅनल कुठे लावलंत तुम्ही? अॅब्स्ट्रॅक्ट पण तसंच, एका पानात बसव आणि त्यात एखादा तरी आकडा असू दे, किती सेंटीमीटरपर्यंत बरोबर आलं तो.

चौघांनी चार चॅप्टर लिहून चिकटवलेत ते तर लगेच कळतं. एकाने पातळीला वॉटर लेव्हल म्हटलंय, दुसऱ्याने वॉटर हाइट, म्हापशाच्या मुलीने डेप्थ, आणि डेप्थ म्हणजे तिच्या चॅप्टरात वरून पाण्यापर्यंतचं अंतर आहे आणि तुझ्यात तळापासून पाण्यापर्यंतचं. हे नुसतं शब्दाचं नाही ना, सगळा आकडाच उलटा होतो. एकानेच बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून एक शब्द करा. ती मुलगी सगळ्यात नीट लिहिते, तिलाच द्या.

प्रिंट आणि बाइंडिंगचं काम माझं, पण फाइल माझ्याकडे येईपर्यंत ती सरळ असली पाहिजे. तुम्ही अनुक्रमणिका हाताने टाइप केलीय, टिंब टिंब टिंब देऊन, आणि चॅप्टर तीन अनुक्रमणिकेत २१ वर आहे, खरं तर २४ वर. प्रत्येक हेडिंगला हेडिंग स्टाइल लाव, चॅप्टरला एक नंबरची, सेक्शनला दोन, त्याच्या पोटातल्याला तीन, मग अनुक्रमणिका वर्ड स्वतः करतो, शेवटी राइट क्लिक करून अपडेट फील्ड द्यायचं की झालं. आकृत्यांना पण इन्सर्ट कॅप्शननेच नाव दे म्हणजे त्यांची यादी आपोआप येते. आकृतीचं नाव खाली, टेबलचं नाव वर, आणि नंबर चॅप्टरप्रमाणे, ३.१, ३.२. आणि मजकुरात आकृती ३.२ मध्ये दाखवल्याप्रमाणे असा उल्लेख नसेल तर ती आकृती तिथे कशाला बसलीय?

पान नंबर. सर्टिफिकेट, डिक्लरेशन, अॅक्नॉलेजमेंट, अॅब्स्ट्रॅक्ट, अनुक्रमणिका यांना छोटे रोमन आकडे आणि चॅप्टर एकपासून साधा एक. त्यासाठी पेज ब्रेक नाही, सेक्शन ब्रेक लागतो, आणि फूटरमध्ये लिंक टू प्रीव्हियस बंद करावं लागतं, तेवढं विसरलात की सगळे रोमन तरी होतात नाहीतर सगळे साधे. दरवर्षी रात्री आठ वाजता कोणीतरी माझ्या दुकानात याच्यावरून रडकुंडीला आलेलं असतं.

डाव्या बाजूला दीड इंच सोड, बाकी तिन्हीकडे एक एक. दीड का असं तुझ्या मित्राने विचारलं म्हणे. अरे हार्ड बाइंडिंगला डावीकडे भोकं पाडून दोरा मारतात, अर्धा इंच तिथेच खाल्ला जातो, आणि पुस्तक पूर्ण उघडत पण नाही. एका ग्रुपने चारीकडे एकच इंच ठेवलेलं, वर सर्किटचं चित्र पानभर ओढून मोठं केलेलं. चार कॉपी बांधून झाल्या आणि डावीकडचे पिन नंबर शिवणीत गेले. परत सगळं फाडून नवीन प्रिंट, पैसे त्यांचे, रात्र माझी. भारतातला पहिला छापखाना १५५६ ला आपल्या गोव्यात आला आणि आमच्या पोरांना मार्जिन का ते अजून सांगावं लागतं!

अक्षर टाइम्स न्यू रोमन १२, ओळींत दीड अंतर, बहुतेक ठिकाणी हेच चालतं, पण कॉलेजने फॉरमॅटचा कागद दिला असेल तर तोच खरा, माझं ऐकू नको. सीनियरची फाइल घेऊन त्याच्यावरच टाइप केलंयत ना? सर्टिफिकेटवर गेल्या वर्षीचं शैक्षणिक वर्ष तसंच राहिलंय. सही करताना गाइडच्या लक्षात नाही आलं तर तुमचं नशीब.

फोटोंचं सांगते. पाइपच्या फोटोत मागे माझे धुतलेले कपडे वाळत आहेत. क्रॉप कर. कोडचे काळ्या बॅकग्राउंडचे स्क्रीनशॉट टाकू नको, प्रिंटला नुसता काळा डाग येतो. कोड टाइप केलेलाच टाक, तोही मागे अपेंडिक्समध्ये, मध्ये फक्त जिथे अंतर काढलंय त्या सात-आठ ओळी. ग्राफला उभ्या आडव्या रेघेवर काय आहे आणि कशात आहे, सेंटीमीटर की मीटर, काहीच नाही.

रेफरन्स आयईईई या इंजिनियरांच्या संस्थेच्या पद्धतीने म्हणताय तर मजकुरात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चौकटी कंसात नंबर, एबीसीडीप्रमाणे नाही. तुमच्यात १४ नंबरचा मजकुरात कुठेच नाही आणि ६ नंबरचा यादीत दोनदा आहे. वेबसाइट असेल तर कधी बघितली ती तारीख पण. लिटरेचर सर्व्हेत कुठून उचललेले परिच्छेद आहेत ते मलाही ओळखू येतात, इंग्लिश एकदम सुधारतं तिथे. स्वतःच्या शब्दांत लिही, मोडकं झालं तरी चालेल.

दुरुस्त करून मला वर्ड नको, पीडीएफ पाठव, नाहीतर माझ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि समीकरणांच्या जागी चौकोन येतात. रंगीत पानांचे नंबर वेगळे लिहून दे, तेवढीच रंगीत काढीन. आधी एक स्पायरल करून गाइडना दाखवा, त्यांच्या खुणा झाल्या की मग चार हार्ड बाउंड. गुरुवारी रात्रीपर्यंत दे, शुक्रवारी मी म्हापशाला बाजाराला जातेय तेव्हा रेक्झीन आणि बाँड पेपर घेऊन येईन.

कदंब बसच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिलीय, मानकुराद आंबे आहेत, दोन अजून पिकायचे आहेत. लॅपटॉपजवळ बसून खाऊ नको.

आई