हवामानाच्या बातम्यांत शब्दांच्या मर्यादा पाळाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात हवामान विभागाच्या अंदाजाला पहिल्या पानावर जागा मिळते, आणि खानदेशासारख्या शेतीवर जगणाऱ्या भागात ती मिळायलाच हवी. परंतु हे अंदाज ज्या इंग्रजी पत्रकांवरून घेतले जातात, त्यांतील जवळच्या पण निरनिराळ्या अर्थाच्या शब्दांना मराठीत सरसकट एकच शब्द वापरला जातो, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

'अतिवृष्टी' हा शब्दच घ्या. मूळ पत्रकात पावसाच्या जोराच्या तीन पायऱ्या असतात : चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'हेवी', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी' आणि त्याहून अधिक म्हणजे 'एक्स्ट्रीमली हेवी'. बातमीत या तिन्हींची अतिवृष्टी होते. त्यातच महसूल खात्याची अतिवृष्टी स्वतंत्र आहे. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती धरली जाते आणि पुढे पंचनाम्यांचा विषय निघतो. आमच्या काळ्या जमिनीत सत्तर मिलिमीटर पाऊस झाला, तर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमीन कामाजोगी होईपर्यंत, कामे खोळंबतात. दोनशे मिलिमीटर झाला, तर बांध फुटतात आणि केळीच्या बागेत पाणी तुंबते. या दोन दिवसांची तयारी एकसारखी असू शकत नाही.

त्याहून मोठे नुकसान करणारा घोळ पाऊस किती भागात पडेल, हे सांगणाऱ्या शब्दांचा आहे. 'आयसोलेटेड' म्हणजे विभागातील फार तर २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस, 'स्कॅटर्ड' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'फेअरली वाइडस्प्रेड' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि 'वाइडस्प्रेड' म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक ठिकाणी' आणि 'सर्वदूर' असे चांगले मराठी शब्द हवामान विभागच वापरतो, पण मथळा मात्र 'जिल्ह्यात मुसळधार' एवढाच येतो. गेल्या जूनमध्ये आमच्या गावातील कृषी केंद्रावर एक तरुण शेतकरी असाच मथळा मोबाइलवर दाखवत कपाशीच्या थैल्या मागत होता. त्याने त्याच आठवड्यात धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीची कोरड्या जमिनीतली पेरणी, उरकली. बातमीच्या आत, शेवटच्या ओळींत, 'तुरळक ठिकाणी' असे लिहिलेले होते. पाऊस सातपुड्याच्या पायथ्याला पडला, आमच्या शिवारात नुसता शिडकावा झाला, आणि अर्धवट उगवलेली रोपे उन्हाने माना टाकू लागली. दुबार पेरणीसाठी त्याला बियाणे उधारीवर घ्यावे लागले. एकाच जिल्ह्यात चोपड्याला पूर येतो आणि अमळनेरला ढग कोरडे जातात, असे आमच्याकडे अनेकदा घडते. म्हणून 'तुरळक' हा शब्द मथळ्यातच हवा.

रंगांच्या इशाऱ्यांचेही तेच. पिवळ्या रंगाचा मूळ शब्द 'वॉच', म्हणजे लक्ष ठेवा; नारिंगीचा 'अलर्ट', म्हणजे तयारीत राहा; लाल रंगाचा 'वॉर्निंग', म्हणजे आता कृती करा. आपण तिन्ही रंगांपुढे 'अलर्ट' लावतो, त्यामुळे पायऱ्या पुसल्या जातात आणि आठवडाभर पिवळा इशारा वाचून कंटाळलेला माणूस लाल रंगाकडेही तितक्याच थंडपणे पाहतो.

मी भूगोल शिकवीत होतो, म्हणून 'वेदर' आणि 'क्लायमेट' यांची सरमिसळ मला विशेष खटकते. शाळेत आम्ही पहिल्याला 'हवा' आणि दुसऱ्याला 'हवामान' असे शिकवीत आलो. वृत्तपत्रांत मात्र दोन्हींना 'हवामान' म्हणतात. 'आजचे हवामान' ही रूढी आता मोडणार नाही, आणि ती मोडावी असा माझा आग्रहही नाही. परंतु जानेवारीत चार रात्री पारा घसरला, रावेर-यावलच्या केळीवर चरका, म्हणजे थंडीची इजा, दिसू लागला, की 'हवामान बदलाचा केळीला फटका' असा मथळा येतो, तो चुकीचा आहे. क्लायमेट ठरवण्यासाठी साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी पाहतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. त्या चार रात्रींची थंडी म्हणजे वेदर. केळीच्या फळपीक विम्याची भरपाईही अशाच मोजक्या दिवसांच्या, महसूल मंडळातील केंद्रावरच्या नोंदींवर ठरते. मथळा वाचून शेतकरी हवामान बदलाला दोष देत बसतो आणि आपल्या मंडळातील केंद्राने त्या रात्री किती तापमान नोंदले, हे विचारायचेच राहून जाते.

उन्हाळ्यात भुसावळला ४४ अंश झाले की 'उष्णतेची लाट' छापून येते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वाढले, किंवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, तर ती लाट धरली जाते. मे महिन्यात आमच्याकडचे नेहमीचे तापमानच ४२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे हे ४४ अंश कडक ऊन असले तरी लाटेच्या व्याख्येत बसत नाहीत.

आपणास विनंती अशी की, पावसाच्या अंदाजाच्या बातमीत जोराच्या शब्दाशेजारी मिलिमीटरचा आकडा, 'तुरळक' किंवा 'सर्वदूर' हा विस्तार आणि अंदाज कोणत्या वेळी दिला गेला ती वेळ, एवढ्या तीन गोष्टी यंदाच्या मृगापासून नेमाने छापाव्यात. 'हवामान बदल' हा शब्दप्रयोग दीर्घकाळाच्या नोंदींविषयीच्या बातमीसाठी राखून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
यावल, जि. जळगाव