'होमटाउन चा-चा-चा'ची शिफारस करताना शेवटचे तीन भाग विसरू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'होमटाउन चा-चा-चा' या कोरियन मालिकेची 'सहकुटुंब पाहावी अशी गोड, हलकीफुलकी प्रेमकथा' म्हणून शिफारस आली आहे. पहिल्या तेरा भागांना हे वर्णन चालेल. शेवटच्या तीन भागांना ते मुळीच लागू पडत नाही, आणि आजी-नातवंडांनी एकत्र बसून पाहायची म्हटल्यावर हे आधी सांगायला हवे होते. (पुढे कथानकातले बरेच काही उघड केले आहे.)

ही मालिका 28 ऑगस्ट ते 17 ऑक्टोबर 2021 या काळात टीव्हीएन वाहिनीवर शनिवार-रविवार दाखवली गेली. भाग 16, प्रत्येक साधारण सव्वा तासाचा. सोलच्या दवाखान्यात रुग्णांवर नको ते उपचार लादायला नकार देऊन बाहेर पडलेली दंतवैद्य यून हे-जिन गोंगजिन नावाच्या समुद्राकाठच्या गावी येते, आणि गावातल्या हरकामी होंग दू-शिकशी तिची गाठ पडते. गाव काल्पनिक आहे. चित्रीकरण झाले ते दक्षिण कोरियातल्या पोहांग शहराच्या परिसरात.

शहरातली शिकलेली मुलगी आणि गावातला तऱ्हेवाईक मुलगा, ही जोडी आपल्याकडेही शेकडो वेळा लागली आहे. इथे ती खरी वाटते, कारण लेखिका शिन हा-उन पैशाचा आणि कामाचा हिशेब चोख ठेवते. दू-शिक घर रंगवतो, नळ दुरुस्त करतो, मासळी उतरवतो, कॉफी करतो, आणि प्रत्येक कामाला तासाचा एकच दर घेतो : 8,720 वोन. हा कोरियातला 2021चा कायदेशीर किमान वेतनाचा दर. नायकाचा स्वभाव संवादातून सांगत बसावे लागत नाही, त्या आकड्यातच तो कळतो. पहिल्याच भागात कार्ड चालत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंना बाजारात म्हाताऱ्यांबरोबर बसून माकूळ साफ करून पैसे मिळवावे लागतात. पुढे याच बायका तिच्या रुग्ण होतात. गाम-री आजी दात दुखत असूनही इम्प्लांटवर खर्च करायला तयार नसते. मुलाच्या पैशाचा विचार करणारी ही म्हातारी आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही वाड्यात सापडेल. त्यावर हे-जिन तिला कुरवाळत नाही, चक्क रागावते. प्रेमकथेच्या नायिकेला इतकी तिरसट राहू देणे धाडसाचे आहे.

रचनेतही शिकण्यासारखे आहे. गावाची तीन कोडी सुरुवातीलाच मांडून ठेवली आहेत : गावातल्या ह्वा-जोंग आणि योंग-गुक या जोडप्याचा घटस्फोट का झाला, लॉटरी कुणाला लागली, आणि दू-शिक पाच वर्षे कुठे होता. नायक-नायिका मनातले बोलतात ते थेट दहाव्या भागाच्या शेवटी. तोवर प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे काम ही कोडी आणि शेजारीपाजारी करतात. शाळेतल्या बाईंचे दुसऱ्या एका स्त्रीवरचे प्रेमही यात आहे. त्याचा तमाशा नाही, उपदेशही नाही. आपल्या शहरातल्या एकांकिका लिहिणाऱ्यांनी पहिला आणि दहावा भाग लागोपाठ पाहावा. दुय्यम पात्रांना पहिल्या प्रवेशात काय दिले आणि पुढे ते कसे वसूल केले, हे कागदावर मांडून बघण्याजोगे आहे.

आता घसरण. चौदाव्या भागाच्या शेवटी दू-शिकचा भूतकाळ उघडतो. तो पूर्वी गुंतवणूक कंपनीत फंड मॅनेजर होता. कंपनीच्या सुरक्षारक्षकाने घराची अनामत रक्कम गुंतवून गमावली आणि आत्महत्येचा प्रयत्न केला. त्याच धांदलीत झालेल्या अपघातात दू-शिकचा जिवलग मित्र गेला. एवढे मान्य केले तरी त्या सुरक्षारक्षकाचा मुलगा नेमका गावात आलेल्या टीव्ही चमूत साहाय्यक निघतो, मेलेल्या मित्राची बायको त्याच चमूच्या दिग्दर्शकाची नात्यातली बहीण लागते, आणि लहानपणी नायक-नायिका याच किनाऱ्यावर भेटलेले असतात! यातला एक योगायोग चालला असता. तिन्ही एकत्र आल्यावर 8,720 वोनचा हिशेब ठेवणारी लेखिका हीच का, असा प्रश्न पडतो. दोष विषयाचा नाही, वेळेच्या वाटणीचा आहे. दुःखाची बीजे आधी दिसतात ती औषधाच्या गोळ्या आणि वाईट स्वप्ने एवढ्यापुरती. सगळे ओझे शेवटच्या साडेतीन-चार तासांवर पडते. त्यातच गाम-री आजीचा मृत्यूही येतो. तो प्रसंग मात्र उत्तम आहे, आणि योगायोगाचा आधार न घेता उभा राहिलेला आहे.

याची किंमत हे-जिन मोजते. तिला सोलमध्ये अध्यापनाची संधी येते, आणि ती नाकारून ती गावातच राहते. तेरा भाग जिच्या महत्त्वाकांक्षेवर मालिका चालली, तिचा हा निर्णय झटपट आटोपला आहे. हे-जिनवर प्रेम करणाऱ्या त्या टीव्ही चमूच्या दिग्दर्शकाला, जी सोंग-ह्योनलाही, शेवटी दुसरी जोडीदार देऊन मोकळे केले आहे. त्याचे एकतर्फी प्रेम तसेच ठेवले असते तर काय बिघडले असते?

जाता जाता जाहिरातींबद्दल. कोरियात 2010पासून कार्यक्रमाच्या आतच वस्तू दाखवायला परवानगी आहे, त्यामुळे एखादे पेय किंवा प्रसाधन कॅमेऱ्यासमोर विनाकारण रेंगाळले तर ते पात्राचे व्यसन समजू नये.

पुरवणीने यापुढे मालिका सुचवताना भागांची संख्या, एका भागाची लांबी आणि सूर कुठे बदलतो, या तीन गोष्टी चौकटीत द्याव्यात. आत्महत्येचा उल्लेख असेल तर तोही. या मालिकेपुरते सांगायचे तर घरातल्या लहानांबरोबर तेराव्या भागापर्यंत बिनधास्त पाहावे. शेवटचे तीन भाग मोठ्यांनी आधी पाहून ठरवावे, आणि ते एका बैठकीत उरकू नयेत.

– एक वाचक, रावपुरा, बडोदे