आमच्या मोतद्दार मामांचे जाहीर आभार

मामा, स. न.

घोडी पुन्हा दुडक्या चालीवर आली तेव्हा सगळ्यांनी डॉक्टरांचं कौतुक केलं. ते रास्तच होतं. सोनोग्राफीत तिच्या दुखऱ्या पायाच्या कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या) मधोमध दिसणारा काळा ठिपका त्यांनीच दाखवला, तंतू तुटल्याचं त्यांनीच सांगितलं. पण पुढचे सगळे महिने तुम्ही निभावलेत, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

घोड्याला पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. सगळा भार कंडरा आणि हाडाला हाड बांधणाऱ्या लिगामेंटवर. भरधाव पळताना पायामागची कंडरा तुटायच्या बेतापर्यंत ताणली जाते. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे भरून यायला बहुधा 9 ते 12 महिने जातात, आणि भरून आलेला भाग पहिल्याइतका लवचीक होत नाही.

रोज सकाळी घोडी बाहेर काढायच्या आधी तुम्ही खाली बसून नळीमागून, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडामागून, तळहात फिरवायचात. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखऱ्यात जराशी ऊब लागली की त्या दिवशी फेरी वाढणार नाही. मग कोणी काहीही म्हणो. सुरुवातीला गार पाण्याची धार धरलीत, पट्ट्या मात्र दोन्ही पायांना बांधल्यात, कारण दुखऱ्याचा भार चांगल्यावर येतो. चंदी कमी करून गवत वाढवलंत. बांधलेल्या जनावराला दाणा जास्त झाला तर अंगात मस्ती येते नाहीतर पोट दुखतं.

खरी कसोटी लंगडणं थांबल्यावर लागली. येणारा-जाणारा म्हणे, ‘आता सोडा की मोकळी!’ तुम्ही ढिम्म. नुसती विश्रांतीही कामाची नाही, हेही तुम्ही जाणून होतात. नवे तंतू ओढीच्या दिशेनं नीट रचले जायला मोजका ताण लागतोच. म्हणून कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत हातानं चालवणं. लहान गोल फेऱ्या नाहीत, भुसभुशीत वाळू नाही. इतकं कंटाळवाणं काम इतक्या निगुतीनं करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पुढच्या सोनोग्राफीला दोर तुम्हीच धरा, दुसऱ्या कोणाजवळ ती स्वस्थ उभी राहत नाही. आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तिला पळवायला कोणीही मागितली, अगदी मी जरी मागितली, तरी सरळ नाही म्हणा. मालक म्हणून हे लिहून देतो.

तुमचा ऋणी,
घोडीचा मालक